उपग्रहाला पान दिसते, बोंड दिसत नाही



आपल्या वावराची नोंद आता फक्त तलाठ्याच्या दप्तरात राहिलेली नाही. १९८८ साली भारताचा आयआरएस-१ए उपग्रह वर गेला. त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उभे राहिले. आज युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर ५ दिवसांनी चांदूर रेल्वे तालुक्याचे चित्र घेतात. त्यातला एकेक चौकोन १० मीटर लांब, १० मीटर रुंद. म्हणजे तुमच्या एका एकरात असे ४० चौकोन बसतात.

यात जादू काही नाही. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंच्या फरकावरून हिरवेपणाचा आकडा निघतो.

हा आकडा आपल्या पोटाशी येऊन भिडला आहे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत आधी पाऊस पाहतात, मग पेरणी, जमिनीतली ओल, पाणीसाठा आणि हा हिरवेपणा. त्यानंतर १० टक्के गावांत पिकांची पाहणी होते. पीक विम्यातही २०२३ पासून धान व गव्हाचे उत्पन्न ठरवताना तंत्रज्ञानाला किमान ३० टक्के वजन दिले गेले.

माझा याला विरोध नाही. पैसेवारी किती वेळा चावडीवर बसल्या बसल्या लिहिली गेली, ते तुम्हाला सांगायला नको. उपग्रहाला ना साहेबाची भीती, ना पुढाऱ्याची भीड.

पण शेतीशास्त्र शिकलेला माणूस म्हणून सांगतो, हिरवेपणा म्हणजे उत्पन्न नव्हे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला, तेव्हा पराटी उभी होती, पाने हिरवी होती. कीड बोंडाच्या आत होती. ज्वारी भरताना पाऊस लागला की दाणा काळा पडतो, ताटे मात्र वरून चांगलीच दिसतात. डवरणी न झालेल्या वावरातले तणही हिरवेच. कपाशीत तुरीचे तास असले तर एकाच चौकोनात दोन पिकांची सरमिसळ होते. शिवाय जुलै-ऑगस्टात ढग आडवे येतात. ढगातून पाहणारे रडार आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार तसाच आहे. पण बोंड फोडून पाहणे त्यालाही जमणार नाही.

तेव्हा कापूस-ज्वारीचा हिशोब आकाशातून करायचा असेल, तर आपले म्हणणे तीन कलमांत मांडू या. एक, मंडळनिहाय हिरवेपणाचे आकडे दर पंधरवड्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. दोन, पीक कापणी प्रयोग गावासमोर व्हावा आणि वजनाची सही-शिक्क्याची प्रत गावाला मिळावी. तीन, आकडा आणि वावर यांचा मेळ बसला नाही, तर वावर खरे धरावे.

आणि एक काम आपले. पेरणीची तारीख, पावसाचा खंड, प्रत्येक वेचणीचे वजन वहीत लिहा. त्यांच्याजवळ चित्र असेल आणि आपल्याजवळ नुसती तोंडी तक्रार, तर चित्रच जिंकेल. चित्रासमोर ठेवायला वही पाहिजे. येत्या हंगामात प्रत्येक गावातून निदान दहा वह्या निघाल्या पाहिजेत.