मजुरी हवी, श्वासही हवा



मुरगाव म्हटले की बंदर आलेच. आपल्या शाळेत येणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या घरी कोणी ना कोणी बंदरात, खतांच्या वा रसायनांच्या कारखान्यात, जहाजबांधणीत किंवा ट्रकवर कामाला आहे. आपल्या फीचे पैसे, पुस्तकांचे पैसे, सुटीत गावी जाण्याचे पैसे याच कामातून येतात. म्हणून उद्योगांविरुद्ध बोलताना आपली जीभ अडखळते. 'जास्त बोललात तर काम जाईल' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आम्हांला या वाक्याबद्दलच आज चार शब्द लिहायचे आहेत.

प्रदूषणाची चर्चा निघाली की आपण गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल आणि खिडकीच्या काळ्या कठड्याबद्दल बोलतो. ते खरेच आहे. पण धूळ खिडकीपर्यंत पोचण्याआधी ती कोणाच्या तरी छातीतून गेलेली असते. धक्क्यावर कोळसा उतरवणारा, पट्ट्याखालचा कचरा झाडणारा, वाघिणी भरणारा कामगार तिथे आठ-आठ तास उभा असतो. कोळशाची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुफ्फुसात साचली की दम लागतो, आणि खराब झालेले फुफ्फुस पुन्हा पूर्वीसारखे होत नाही. दगड आणि खनिजाच्या धुळीतील सिलिकामुळे होणारा सिलिकोसिसही असाच, न बरा होणारा. या रोगांना घाई नसते. काम सुटल्यावर, कंत्राटदार बदलल्यावर, कंपनीच्या वहीतून नाव पुसल्यावर ते डोके वर काढतात. मग जबाबदार कोण?

इतिहास पाहिला तर धोक्याची पहिली घंटा नेहमी कामगाराच्याच घरी वाजलेली दिसते. भोपाळची वायुदुर्घटना डिसेंबर १९८४ ची. पण त्याच कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा जीव घेतला होता. तेव्हा कंपनीला खडसावून जाब विचारला गेला असता, तर पुढचे हजारो मृत्यू कदाचित टळले असते. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि अधिक भरपाईची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. उशिरा मागितलेला न्याय असा तोकडा पडतो.

तरीही भोपाळनंतर देशाने काही शिकले. दिल्लीत डिसेंबर १९८५ मध्ये ओलियम वायूची गळती झाली. त्या खटल्यात १९८६ साली सरन्यायाधीश भगवती यांच्या पीठाने सांगितले, की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याने 'आम्ही काळजी घेतली होती' अशी सबब सांगून सुटता येणार नाही. आणि कंपनी जितकी मोठी, तितकी भरपाई मोठी. १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे आणि धोक्यांची माहिती त्यांना देणे मालकावर बंधनकारक झाले. तो जुना कायदा आता नव्या कामगार संहितेत सामावला गेला आहे. कायद्याचे नाव बदलले तरी प्रश्न तोच राहतो: ही नोंद कामगाराच्या हातात पडते का?

हातात कागद असला तर काय होते, याचे उदाहरण कोडाईकनालचे. तिथल्या थर्मामीटर कारखान्यातील पाऱ्याचा प्रश्न उघड झाल्यावर तो २००१ साली बंद पडला. माजी कामगार पंधरा वर्षे चिकाटीने लढले आणि मार्च २०१६ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. पंधरा वर्षे फार झाली, पण कामगारांनी एकजूट सोडली नाही म्हणून निदान तेवढे झाले.

आपल्या गोव्यातही धडे कमी नाहीत. डिचोली, सत्तरी, सांगे भागातील खाणींबद्दल न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल २०१२ साली आला, आणि त्याच वर्षी खाणी बंद झाल्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले. नियम कोणी मोडले आणि चूल कोणाची विझली, हे डिचोलीच्या एखाद्या ट्रकमालकाला विचारा. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात गंजले. आम्हांला इथेच 'काम जाईल' या धमकीचे उत्तर सापडते. जाब विचारल्याने काम जात नाही. वेळेवर जाब न विचारल्याने जाते. दरवर्षी थोडे थोडे नियम पाळले गेले असते, तर एका दिवसात सगळे बंद करण्याची पाळी आली नसती.

मुरगावात २०१७ साली बंदराच्या विस्तारावरील जनसुनावण्यांत सामान्य माणसे, गृहिणी, मच्छीमार उभे राहून बोलले. जानेवारी २०१८ मध्ये चिखली येथे अमोनियाचा टँकर उलटला आणि रात्रीच्या अंधारात लोकांना घराबाहेर पडावे लागले. वाऱ्याला कामगार वस्ती आणि बंगला यांतला फरक कळत नाही, हे त्या रात्री सर्वांना समजले.

मग आपण काय मागावे? आमच्या मते तीन साध्या गोष्टी. एक, कंत्राटी कामगारासह प्रत्येकाची दरवर्षी फुफ्फुसांची तपासणी व्हावी आणि अहवालाची प्रत त्याच्याच हाती मिळावी. दोन, हवेतील धुळीचे रोजचे आकडे फाटकावरच्या फलकावर मराठी-कोंकणीत लागावेत. तीन, काम सोडल्यावर उद्भवलेल्या रोगाचीही जबाबदारी मुख्य कंपनीने घ्यावी, कंत्राटदाराकडे बोट दाखवू नये.

आणि शाळेने? विज्ञान शिक्षकांनी मुलांकडून काचपट्टीला व्हॅसलीन लावून आठवडाभर खिडकीत ठेवून घ्यावी आणि भिंगाखाली पाहून वहीत नोंद करून घ्यावी. वर्षभराच्या नोंदी साठल्या की तो आपल्या हातातला कागद होईल. विश्वस्तांनी पुढच्या पालक सभेत डॉक्टरांना बोलावून श्वासाच्या तपासणीचे शिबिर ठेवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.

पालकहो, आज रात्री कामावरून घरी आलेल्या माणसाला एकच विचारा, 'तुमची छाती शेवटची कधी तपासली?' उत्तर 'कधीच नाही' असे आले, तर ते शाळेला कळवा. नाव लिहिण्याची गरज नाही. अशा किती चिठ्ठ्या आल्या, ते पुढच्या अंकात आम्ही छापू.