फोन चुकला, दंड शेतकऱ्याला?



रानात सोयाबीन गुडघ्याला लागलेले. धनी स्वतः त्यात उभा. आणि हातातला फोन सांगतो, ‘तुम्ही निवडलेल्या गटात नाही.’ नांदेड-लातूरच्या गावोगावी ही तक्रार आम्ही ऐकतो आहोत. उत्तर ठरलेले : ‘तुमचा फोन बिघडला असेल, दुसरा आणा.’

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद आपणच करायची, ही कल्पना वाईट नव्हती. त्याआधी पाराखाली बसून पेरा लिहिला जाई. उसाच्या जागी तूर आणि तुरीच्या जागी पड, असे सातबारे आपण पाहिले आहेत. तो कारभार आम्हाला परत नको. पण पाराखालची चूक तलाठ्याची होती. आज चूक कोणाचीही असो, भोगायची शेतकऱ्यानेच, असा नवा न्याय आला आहे.

बिघाड नेमका कुठे असतो? जागा तीन : फोन, आभाळ आणि नकाशा.

आधी फोन तपासा. लोकेशन चालू आहे का? अॅपला ‘अचूक’ जागेची परवानगी दिली आहे का, की ‘अंदाजे’ जागेची? बॅटरी वाचवण्याची सोय बंद करा, ती चालू असली की फोन जागा शोधण्यात कुचराई करतो. तारीख-वेळ आपोआप घेण्यावर ठेवा. फोन बंद करून पुन्हा चालू करा. फोनमधला दिशादर्शक भरकटला असेल तर फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा चार-पाच वेळा फिरवा. पण लक्षात ठेवा, त्याने दिशा सुधारते, जागा नव्हे.

मग आभाळ. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांचा क्षीण संदेश पत्र्याच्या शेडखाली, दाट आंब्याखाली, किनवट-माहूरच्या डोंगरकपारीत नीट पोचत नाही. रेंज नसेल तर जागा सापडायला जास्त वेळ लागतो. उघड्यावर या, पडदा चालू ठेवून दोन-तीन मिनिटे थांबा. नकाशावर निळ्या ठिपक्याभोवती मोठे वर्तुळ दिसते तोवर फोनलाच खात्री नाही असे समजा.

सगळे चांगले असतानाही साध्या फोनची जागा चार-पाच मीटर इकडेतिकडे होते. वीस गुंठ्यांचा गट दोनशे मीटर लांब असेल तर रुंदी भरते जेमतेम दहा मीटर. मधोमध उभे राहिले तरी बांध पाच मीटरवर. मग फोनने शेजाऱ्याच्या रानात टाकले तर नवल काय?

आता तिसरी जागा, जिचे नाव कोणी घेत नाही. जुने गाव नकाशे उपग्रहाच्या चित्रावर बसवताना सरकले तर? परीक्षा सोपी आहे. त्याच जागी वेगळ्या कंपनीचे दोन फोन धरा. दोघांचे ठिपके वेगळे पडले तर संशय फोनवर. दोघेही एकाच दिशेने, तेवढेच अंतर चुकवत असतील, आणि शेजारच्या गटातही तेच होत असेल, तर संशय नकाशावर. मग शेतकऱ्याने दहा फोन बदलले तरी काय उपयोग?

साहेब म्हणतात, बोगस विमे फार झाले. झाले, खरे आहे. पण पीक नसलेल्या जमिनीवर कागद रंगवणारा कशाला चिखलात उभा राहील? त्याला पकडायची चाळणी खऱ्या कुणब्यालाच का अडवते?

हा नुसता नोंदीचा प्रश्न नाही. पेरा कोरा राहिला तर हमीभावाच्या खरेदीत सोयाबीन घालता येत नाही. २०२५-२६ साठी ५३२८ रुपये क्विंटल कागदावर राहतात आणि माल आडतीवर पडत्या भावात जातो. विम्यालाही हीच नोंद विचारतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगावला पुराने घरे-राने बुडवली. पाण्याखालच्या रानात उभे राहून फोटो कोणी काढायचा?

तोडगा अशक्य नाही. २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसाच्या हेक्टरी पाच हजारांना आधी ई-पीक नोंदीची अट होती. ओरड झाली, तेव्हा २०२४ साली सरकारने सातबाऱ्यावरची नोंदही धरायचे कबूल केले. म्हणजे वाकवले की वाकते.

म्हणून जिल्हा बैठकीत आमच्या मागण्या तीन. फोनने नाकारलेल्या प्रत्येक गटाची पोच मिळावी, कारणासह. ग्राम महसूल अधिकाऱ्याने ठरल्या मुदतीत बांधावर येऊन पंचांसमक्ष नोंद करावी. आणि तोवर कोऱ्या पेऱ्याचा अर्थ ‘पीक नाही’ असा लावू नये.

तुम्ही एवढे करा : फोन नाकारेल तेव्हा पडद्याचा फोटो घ्या, तारीख, वेळ, गट नंबर वहीत लिहा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, आणि अर्ज देऊन शिक्क्याची पोच मागा. एकाचा अर्ज टेबलाखाली जातो. गावातल्या पन्नास जणांचे अर्ज एका दिवशी गेले की टेबल हलते.

पीक रानात असते, फोनमध्ये नसते. हे सरकारला शिकवावे लागेल.