सालीतला सुवास आणि उन्हाचा चटका

मागच्या उन्हाळ्यात आमच्या चकलांब्यातल्या एका लग्नघरी गेले होते. हळद दोन दिवसांवर आलेली आणि नवरी मुलगी आतल्या खोलीत तोंड झाकून रडत बसलेली. दोन्ही गालांवर लालभडक चट्टे, कपाळावर बारीक फोड. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं अंगात उष्णता झाली. शेवटी तिनंच उशाखालून एक छोटी बाटली काढून दाखवली. लिंबाचं सुगंधी तेल. दुकानात त्याला ‘इसेन्शियल ऑइल’ म्हणतात. त्यानं रंग उजळतो असं मोबाइलवर बघून तिनं ते मागवलं होतं. आदल्या दिवशी चार थेंब तसेच तोंडाला चोळले आणि आत्याबरोबर भर दुपारी पत्रिका वाटायला निघाली.

“अहो, लिंबाचंच तर आहे, त्यानं काय होणार?” आई पुन्हा पुन्हा म्हणत होती. जमलेल्या सगळ्याजणींनी माना डोलावल्या. माझं भांडण आहे ते याच वाक्याशी. झाडाचं आहे म्हणजे अपायकारक नाही, असं आपण धरूनच चालतो. मग बिब्बा कशाचा आहे? तोही झाडाचाच. तो अंगावर उतला की काय होतं, हे मराठवाड्यातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

मोसंबी, संत्रं किंवा लिंबू सोलताना हातावर बारीक तुषार उडतात, तेच हे तेल. सालीच्या रंगीत भागात त्याच्या बारीक पिशव्या असतात. लहानपणी आपण संत्र्याची साल दिव्याच्या ज्योतीवर पिळून ठिणग्या उडवायचो, आठवतं? तेच तेल पेटायचं. अशा डझनावारी लिंबांच्या साली पिळाव्यात, तेव्हा कुठे एक छोटी बाटली भरते. म्हणजे बाटलीतला थेंब हा लिंबाचा थेंब नव्हेच. कितीतरी सालींचा अर्क त्या थेंबात उतरलेला असतो.

आता उन्हाचं. लिंबाची साल दाबून काढलेल्या तेलात काही द्रव्यं अशी असतात, की ती कातडीवर असताना ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी होते. चट्टा लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उमटतो. पुढे तिथे काळपट डाग पडतो आणि तो कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने जात नाही. लिंबाच्या रसानंही असं होऊ शकतं. म्हणून लिंबाची फोड तोंडाला चोळून वाळवणं घालायला गच्चीवर जाणं बरं नाही. शिवाय ही तेलं जुनी झाली किंवा उघडी राहिली की त्यांचा गुण बदलतो आणि खाज, पुरळ उठण्याची शक्यता वाढते.

मग ही तेलं वाईटच का? मुळीच नाही. ताप आला की आजी कोलनवॉटरची पट्टी कपाळावर ठेवायची. त्या पाण्याची सुरुवात 1709 मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात, फरिना नावाच्या इटालियन अत्तरवाल्यापासून झाली आणि त्याचा मुख्य सुवास लिंबू-संत्र्याच्या जातीच्या फळांचाच होता. 2000 साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी दंतवैद्याकडे वाट बघत बसलेल्या लोकांभोवती संत्र्याच्या तेलाचा वास दरवळत ठेवला. तेव्हा त्यांतल्या बायकांची धास्ती कमी झालेली आढळली. एवढ्यानं हे तेल औषध ठरत नाही, पण मन जरा हलकं होतं हे आपल्यालाही अनुभवानं ठाऊक आहे. माझं मत सरळ आहे. हे तेल नाकासाठी ठेवा, घरासाठी वापरा, चेहऱ्यापासून लांब ठेवा.

वासासाठी वाटीभर गरम पाण्यात दोन थेंब पुष्कळ झाले. निरांजनात किंवा पेटत्या दिव्यात टाकू नका, ते भडकतं. हातापायांना लावायचंच असेल तर चमचाभर खोबरेल तेलात एकच थेंब घाला, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर बघा, आणि लावलेला भाग उन्हात नेऊ नका. पोटात तर अजिबात घेऊ नका. बाटली लेकरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

घरकामाला मात्र हे तेल गुणी आहे. डब्यावरच्या लेबलाचा चिकटपणा, गॅसच्या शेगडीवरचा तेलकट थर यानं सुटतो. फक्त शेगडी गार असू द्या. थर्मोकोलवर सांडलं तर तेही विरघळतं, इतकं ते जोरकस आहे! फरशी पुसायच्या पाण्यात दोन थेंब टाकले की घर ताजं वाटतं. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर मात्र घालू नका. तो दगड चुन्याचा, आंबटानं त्याचं तेज जातं.

आणि बाटली विकत घेतलीच पाहिजे असंही नाही. आपल्या गेवराई तालुक्यात मोसंबीच्या बागा आहेत. 2012-13 च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या किती बागा वाळल्या, किती झाडांचं सरपण झालं, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. त्यातून वाचलेल्या झाडाचं फळ आपण व्यापाऱ्याला देतो, साल उकिरड्यावर टाकतो आणि त्याच सालीच्या जातीचा वास बाटलीतून परत विकत आणतो. त्यापेक्षा साल नीट धुवा, कारण बागेत फवारणी झालेली असते. सावलीत वाळवून कपड्यांच्या कपाटात पुरचुंडी ठेवा. ओली साल उकळत्या पाण्यात टाकली तर अख्ख्या स्वयंपाकघरात दरवळ सुटतो.

फक्त तो दरवळ घ्यायला तिथे दहा मिनिटं बसायला हवं. आपलं नेमकं तिथेच अडतं. शेतातून आलं की चूल, चूल झाली की धुणं. विसाव्याची बाटली आणायला घरचे एक वेळ पैसे देतील, पण बाई नुसती बसलेली दिसली की “काही काम नाही का?” असं विचारतील. म्हणून तेल आणा किंवा आणू नका, ती दहा मिनिटं मात्र घरात सांगून, हक्कानं घ्या.

त्या नवरीचं लग्न ठरल्या दिवशीच लागलं. डॉक्टरांनी दिलेलं मलम लावून, डोक्यावरून पदर पुढे ओढून ती बोहल्यावर उभी राहिली. गालावरचे डाग दिवाळीपर्यंत पुसट झाले. मुलगी मुळात सावळी, तरतरीत, बघणाऱ्यांनी बघून पसंत केलेली. तिला उजळ व्हायला हवं असं कुणी सांगितलं होतं? मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “कुणीच नाही काकू, पण सगळ्याच म्हणतात ना!” त्या ‘सगळ्यां’त आपणही आहोत. पुढच्या लग्नघरी नवरीला “थोडी उजळ झाली असतीस तर...” म्हणण्याआधी एवढं आठवा.