खासदारांना हेही विचारा

निवडणुकीत आपण खासदारांकडे रस्ता मागतो, पूल मागतो. बाळंतिणीबद्दल मात्र कोणी विचारत नाही. कुटुंबनियोजन म्हणजे शस्त्रक्रियांचे आकडे, हा समज अजून गेलेला नाही. वास्तविक १९९४ च्या कैरो परिषदेत स्त्रीचे आरोग्य, शिक्षण व निर्णयाचा हक्क यांवर भर दिला गेला आणि १९९६ मध्ये भारतानेही शस्त्रक्रियांची उद्दिष्टे लादणे सोडले.

संसदेने १९७८ मध्ये मुलीच्या लग्नाचे वय १८ केले. तरीही अक्राणी, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कोवळ्या वयात मुली आई होतात. आईच्या अंगात रक्त कमी, मग बाळ कमी वजनाचे. कुपोषण तेथूनच सुरू होते.

जिल्ह्याच्या ‘दिशा’ समितीचे अध्यक्ष खासदार असतात. तिची बैठक दर तिमाहीस व्हावी असा नियम आहे आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा आढावा तिच्या कामातच येतो. तेथे विचारले जावे: किती बाळंतपणे घरी झाली? किती माता अठराच्या आतल्या? रुग्णवाहिका कोणत्या पाड्यांपर्यंत पोहोचत नाही?

वाचकहो, हे प्रश्न ग्रामसभेच्या ठरावाने खासदारांकडे पाठवा. विचारणारे असले, तरच उत्तर तयार ठेवावे लागते.