विकतचा बर्फ

हिवाळा लागला कीं आमच्याकडील सुशिक्षित घरांत अलीकडे एक नवी हौस बळावूं लागली आहे. पूर्वीं महाबळेश्वर किंवा माथेरान झालें म्हणजे थंड हवेची तहान भागत असे. आतां मुलांना बर्फ दाखविल्यावांचून सुटी सत्कारणीं लागली असें कोणास वाटत नाहीं. ह्या हौसेविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती तिच्या पोटांत वाढणाऱ्या एका समजुतीविषयीं. आमचे एक जुने विद्यार्थी सहकुटुंब औलीस जाऊन आले. उतार उघडे पडलेले, मुलांचा हिरमोड झालेला. ते आम्हांस म्हणाले, "सर, पैसे मोजून गेलों आणि बर्फच नाहीं! सरकारनें यंत्रें आणलीं आहेत म्हणतात; मग तीं चालवावयास काय झालें होतें?" हा प्रश्न विचारणारा मनुष्य चांगला शिकलेला आहे, म्हणूनच त्याचा परामर्श घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

औली म्हणजे उत्तराखंडाच्या चमोली जिल्ह्यांत, जोशीमठाच्या माथ्यावर, अडीच ते तीन हजार मीटर उंचीवर पसरलेला उतार. खालीं बांज व देवदार ह्यांचें रान, वर बुग्याल म्हणजे गवताळ माळ, आणि समोर नंदादेवी. बर्फ पडला तर स्की पायांस बांधून घसरावें, न पडला तर रानांतून हिंडावें, अशी ही जागा. २०११ सालीं येथें दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हां आकाशावर विसंबणें कमीपणाचें वाटलें म्हणून म्हणा, बर्फ करणारीं यंत्रें बसविण्यांत आलीं. त्यांस पाणी पुरविण्यासाठीं उतारावर तळें बांधलें. यंत्रें आलीं, पण त्यांच्याबरोबर थंडी कांहीं आली नाहीं. २०२३ च्या फेब्रुवारींत येथें ठरलेल्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावीं रद्द कराव्या लागल्या.

आणि ह्यांत नवल तें काय? हें यंत्र जादू करीत नाहीं. दाबाखालील पाण्याचे बारीक तुषार तें हवेंत फेकतें व ते खालीं येतां येतां गोठतात. त्यासाठीं हवा कोरडी हवी आणि पारा शून्याच्या आसपास किंवा त्याखालीं हवा. म्हणजे ज्या उबदार हिवाळ्यावर हा उतारा, त्याच हिवाळ्यांत तो लंगडा पडतो! शिवाय अशा एक घनमीटर बर्फास चारशें ते पांचशें लिटर पाणी लागतें. एक हेक्टर उतारावर फूटभर थर घालावयाचा तर बारा ते पंधरा लाख लिटर पाणी हवें, आणि तेंहि अशा ऋतूंत कीं जेव्हां डोंगरांतले झरे क्षीण असतात. मुलांच्या दोन घटकांच्या घसरगुंडीसाठीं एवढें पाणी मागतांना आपण तें कोणाच्या हंड्यांतून मागतों, ह्याचा विचार आमच्या विद्यार्थ्यांनीं केला नव्हता.

ह्या उताराच्या पायथ्याशीं जोशीमठ आहे, आणि तें जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलें आहे. ही गोष्ट कोणास ठाऊक नव्हती असें नाहीं. मिश्रा समितीनें १९७६ सालींच ती लिहून ठेविली होती. जड बांधकामें करूं नका, झाडें तोडूं नका, उलट लावा, असें बजाविलें होतें. त्याच भागांतील रैणी गांवच्या गौरादेवीनें व तिच्या सोबतिणींनीं ही शहाणीव १९७४ सालीं, समितीवांचूनच, दाखविली होती. अहवाल कपाटांत राहिला. २०२२ च्या डिसेंबरअखेरीपासून बारा दिवसांत जोशीमठाची जमीन ५.४ सेंटिमीटर खचली, आठशेंहून अधिक घरांस भेगा पडल्या, आणि औलीस जाणारा सुमारें चार किलोमीटरांचा रोपवे बंद करावा लागला. हा दोष स्कीच्या खेळाचा, असें आम्ही म्हणत नाहीं. सांडपाण्याचा निचरा नसणें, बेसुमार बांधकामें, बोगदे, अशीं अनेक कारणें पुढें आलीं आहेत. परंतु मुरणाऱ्या पाण्यास जो डोंगर भितो, त्याच्या डोक्यावर पाणी साठवून पसरण्याचा हट्ट धरणारास काय म्हणावें?

यावर कोणी म्हणतील कीं स्थानिक लोकांच्या पोटाचें काय? प्रश्न खरा आहे, आणि स्की भाड्यानें देणारा व घोडेवाला ह्यांची कळकळ आम्हांसहि आहे. पण त्याचें पोट बर्फाच्या एकाच खुंटीला टांगून ठेवण्यांत त्याचें हित कसलें? रान तर बारा महिने उभें आहे. त्यांतून वाट दाखविणाराचा धंदा पारा चढल्यानें बुडत नाहीं. बरें, ह्या डोंगराची काळजी तरी सर्वांस सारखी लागू आहे काय? २०१८ सालीं तेथील उच्च न्यायालयानें बुग्यालांवर रात्रीं मुक्काम करण्यास मनाई केली. पुढल्याच वर्षीं जूनमध्यें औलीच्या उतारावर एका धनाढ्य घराण्याचीं लग्नें मंडप घालून दिवसचे दिवस गाजलीं, कचऱ्याचे ढीग पडले, आणि न्यायालयास तीन कोटी रुपये अनामत भरावयास सांगावें लागलें. पाठीवर पथारी घेऊन जाणारा विद्यार्थी डोंगर बिघडवितो, आणि वऱ्हाडी तो सुधारतात कीं काय!

युरोपचा दाखला तर विचारूंच नये. २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकमधील घसरगाड्यांच्या मार्गासाठीं इटलींतील कोर्तिना येथें शेंकडों लार्च वृक्ष तोडले गेले. नक्कल करावयाचीच तर नॉर्वेची करावी. तेथें १९५७ च्या कायद्यानें परक्या मालकीच्या रानांतूनहि पायीं किंवा स्कीवर हिंडण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. त्यास तिकीट नाहीं, यंत्र नाहीं. बर्फ असला तर स्की, नसला तर बूट.

औलीहून बांजांच्या रानांतून गोरसोंच्या बुग्यालाकडे एक पाऊलवाट जाते. आमच्या विद्यार्थ्यांस आम्हीं विचारलें, "त्या वाटेनें गेलां होतां काय?" ते म्हणाले, "नाहीं सर. बर्फच नव्हता, मग तिकडे जाऊन काय करावयाचें?"