जैन शिक्का आणि कारखान्याची मोरी

पाकिटावर ‘जैन’ लिहिलेलं दिसलं की आपण निर्धास्त होतो. पण तो शिक्का कांदा-लसूण, कंदमूळ नाही एवढंच सांगतो. कारखान्याच्या मोरीचं काय?

2015 साली अमेरिकेत ब्लू बेल कंपनीच्या आइस्क्रीममधून झालेली लिस्टेरियाची लागण उघडकीस आली. 10 जण आजारी पडले, त्यातले 3 दगावले. हा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो, गर्भपातही घडवू शकतो. मोरीत, यंत्रांच्या सांध्यांत जिवाणू एकत्र राहून चिकट थर धरतात. तो वरवर धुऊन जात नाही, म्हणून तिथले नमुने पुसून घेऊन प्रयोगशाळेत तपासावे लागतात. त्या कंपनीच्या एका कारखान्यात 2013 पासूनच अशा नमुन्यांत लिस्टेरिया सापडत होता. तरी माल जातच राहिला!

आपण पाणी गाळतो, पिठाची मर्यादा पाळतो. ते सोडायचं नाहीच. पण गाळण्याच्या कापडातून जिवाणू सहज पार होतो. (जंतुनाशकाने हिंसा होते म्हणणाऱ्यांनी मोरी कोरडी, स्वच्छ ठेवावी, मुळात जीव कमी वाढतील.)

लग्नासाठी श्रीखंड ठरवताना दर विचारतोच, तिथेच विचारा: मोरीचा नमुना शेवटचा कधी तपासला, काय निघालं? “आमच्याकडे कधीच काही सापडत नाही” म्हणणाऱ्यापेक्षा, सापडलं तेव्हा काय केलं हे सांगणारा मला जास्त भरवशाचा वाटतो.