मतदारसंघाची रेषा आणि न्यायालयाचा उंबरठा

बखरी शिकवताना 'मावळ' हा शब्द आला, की सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची खोरी आमच्या डोळ्यांसमोर उभी राहतात. २००८ च्या पुनर्रचनेने या नावाचा लोकसभा मतदारसंघ घडवला आणि शब्दाचा भूगोलच पालटला. मावळ, चिंचवड, पिंपरी घाटावर. कर्जत, पनवेल, उरण घाटाखाली. मध्ये लोणावळ्याचा बोरघाट.

यांपैकी पिंपरी अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. २००२ च्या परिसीमन कायद्यानुसार अशा जागा त्या जातींचे प्रमाण तुलनेने अधिक असलेल्या भागांत, पण राज्यभर विखुरलेल्या असाव्यात. जमातींसाठी मात्र प्रमाण सर्वाधिक असेल तेथेच. पुणे जिल्ह्यातील २१ विधानसभा जागांपैकी दोन जातींसाठी राखीव आहेत. जमातींसाठी एकही नाही. मावळातले ठाकर, कातकरी पाड्यापाड्यांत विखुरलेले आहेत. विखुरलेपणाला या गणितात स्थान नाही.

या रेषेविरुद्ध दाद कोठे मागायची? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील एका महामार्गालगत चिंचोळ्या पट्टीसारख्या ताणलेल्या कृष्णवर्णीय बहुसंख्य मतदारसंघाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. केवळ वंशाच्या आधारे आखलेल्या विचित्र आकाराला आव्हान देता येते, असे १९९३ साली ठरले. आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२९ ने हा दरवाजा लावून घेतला. उज्जैनची जागा राखीव झाल्याविरुद्धची याचिका १९६६ साली त्याच आधारे फेटाळली गेली. बारडोलीच्या प्रकरणात २०२४ साली मात्र, आदेश उघडउघड मनमानी असेल तर न्यायालय तो तपासू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

दार किलकिले झाले याचे आम्ही स्वागत करतो, पण सावधपणे. उज्जैन काय, बारडोली काय, दोन्हीकडे तक्रार राखीव जागेविरुद्धच होती. पाड्यावरचा कातकरी दिल्लीपर्यंत याचिका घेऊन जाणार नाही. खटल्यांची वाट ज्याच्यापाशी पैसा आणि वकील, त्याचीच असते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पुढच्या आयोगाने प्रत्येक रेषेचे आणि प्रत्येक राखीव जागेचे कारण मराठीत, तालुक्याच्या ठिकाणी वाचता येईल असे लिहून द्यावे. पुणे करारापासून राखीव जागांचा प्रश्न हा प्रतिनिधी कोणाचा, हाच आहे. त्याचे उत्तर नुसत्या नकाशाने देऊ नये. नकाशाला वाक्ये असावीत, म्हणजे त्यांच्याशी वाद तरी घालता येईल.